शर्यतीच्या मोटारीचा गिअरबॉक्स : निगा आणि वंगण

ब्राझीलमधील इंटरलागोस येथे मार्च १९९१ मध्ये आयर्टन सेनाने मायदेशातील आपली पहिली ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्याच्या मॅक्लारेन मोटारीचा गिअरबॉक्स जवळजवळ निकामी झाला होता. आधी चौथा गिअर गेला, मग इतर गिअरही साथ देईनासे झाले आणि अखेरच्या फेऱ्या त्याने केवळ सहाव्या गिअरवर काढल्या. मागून येणारा रिकार्डो पॅट्रेसे तीन सेकंदांहूनही कमी अंतरावर होता. सेनाच्या बाबतीत गिअर नुसते निकामी झाले. गिअरबॉक्स आतून जाम झाला असता तर मागची चाके एकाएकी अडकून मोटार भर वेगात भिरकावली गेली असती. म्हणूनच या पेटीची निगा हा चालकाच्या जिवाशी निगडित विषय आहे.

आपल्या रोजच्या मोटारीत गिअर बदलताना दोन चक्रांची गती जुळवून देण्याचे काम सिंक्रोमेश करते. शर्यतीच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा सिंक्रोमेश नसतो. तेथे चक्राच्या कडेला कोरलेले जाड, बोथट दाते एकमेकांत थेट अडकतात. त्यांना ‘डॉग’ म्हणतात. इंग्लंडमधील मेडनहेड येथे माइक ह्यूलंड यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे गिअरबॉक्स या प्रकारचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यांच्या प्रारंभीच्या गिअरबॉक्सचे कवच चक्क फोक्सवॅगन बीटलचे होते, आतील चक्रे मात्र स्वतःची. १९६७ मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला फोर्ड शर्यतींतून असंख्य तरुण चालक याच घराण्याच्या गिअरबॉक्सवर शिकले. मागचे झाकण काढले की गिअरबॉक्स गाडीतून न उतरवता चक्रे बदलता येतात. ट्रॅकच्या वळणांनुसार गिअरचे प्रमाण बदलण्यासाठीच ही सोय. देखभाल करणाऱ्यालाही तिचा लाभ होतो, कारण पेटी उघडून पाहणे हे नित्याचेच काम होऊन जाते.

आता तेलाविषयी. दात्यांमध्ये इतका प्रचंड दाब असतो की साध्या तेलाचा थर तेथे टिकत नाही. गिअर ऑइलमधील गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे उष्णतेने पोलादाच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर निर्माण करतात. धातूवर धातू घासू लागला की हा थर झिजतो आणि दाते वाचतात. जुन्या गिअर ऑइलचा तो उग्र वास या गंधकाचाच. डब्यावर ‘एपीआय जीएल-५’ असे लिहिलेले असते ते याच गुणाचे द्योतक. ‘७५डब्ल्यू-९०’ किंवा ‘८०डब्ल्यू-९०’ हे आकडे निव्वळ घट्टपणाचे. तेल जितके घट्ट तितके संरक्षण अधिक, हा समज सार्वत्रिक असला तरी अर्धाच खरा आहे. फार घट्ट तेल घुसळण्यात शक्ती वाया जाते, तेल तापते आणि थंड असताना बेअरिंगपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. डिफरन्शिअलमध्ये घर्षणाच्या चकत्या असतील तर त्यांना चालणारेच तेल हवे. अन्यथा त्या अडखळत सुटतात आणि वळणावर गाडीचा तोल बिघडतो.

प्रमाणाचेही तसेच. लहान गिअरबॉक्समध्ये पंप नसतो. फिरती चक्रेच तेल उडवून सर्वत्र पोहोचवतात. तेल कमी पडले तर वरचे बेअरिंग कोरडे राहते. जास्त भरले तर त्याचा फेस होतो, आणि फेसात वंगण कमी, हवाच अधिक! शिवाय दाब वाढून तेल ब्रीदरमधून बाहेर येते. ते मागच्या टायरवर उडाले की काय होईल, हे सांगायला नको. म्हणून निर्मात्याने सांगितलेली पातळी, गाडी सपाट जागेवर उभी करून, मोजूनच भरावी.

तेल काढताना घाई करू नये. गाडी नुकतीच फिरवून आणलेली, तेल कोमट असताना ते पूर्ण निथळते. ड्रेन प्लगला लोहचुंबक असतो. त्यावर करड्या लोण्यासारखा बारीक लेप दिसला तर ती नेहमीची झीज समजावी. चमकदार ठिकऱ्या, तुटलेल्या कडा किंवा बोटाला टोचणारे कण सापडले तर पेटी उघडल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेणे म्हणजे आगीशी खेळणे होय. पितळी रंगाचे कण चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे निथळलेले तेल स्वच्छ पांढऱ्या थाळीत ओतून उजेडात पाहावे.

पेटी उघडली की प्रथम डॉगचे कोपरे तपासावेत. ते गोलसर झाले की गिअर आपोआप सुटू लागतो. याचे कारण बहुधा चालकाच्या हातात असते. डॉग गिअरबॉक्सला हळुवार, चाचपडत केलेला बदल मानवत नाही; दाते एकमेकांवर आपटत राहतात आणि कोपरे झिजतात. क्षणभर ॲक्सिलरेटर सोडून झटक्यात व ठामपणे बदललेला गिअर अधिक काळ टिकतो. त्यानंतर सिलेक्टर फोर्कची झीज, दात्यांवरील खड्डे, उष्णतेने आलेली निळसर झाक पाहावी. बेअरिंग धुतल्यावर हवेच्या झोताने गरगर फिरवण्याचा मोह काही मेकॅनिकना आवरत नाही. कोरडे बेअरिंग त्यानेच खराब होते. क्राउन आणि पिनियन यांमधील अंतर शिमने जुळवताना दात्यांना रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहावा.

फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून एकच गिअरबॉक्स सलग चार शर्यती वापरण्याची सक्ती झाली. २०११ मध्ये पाच आणि २०१४ मध्ये सहा. मुदतीपूर्वी बदलल्यास सुरुवातीच्या रांगेत पाच स्थाने मागे जावे लागे. तेथे तेलाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून आतली झीज ओळखतात. छोट्या संघाकडे प्रयोगशाळा नसली तरी वही असू शकते : कोणते चक्र किती शर्यती धावले, त्याचे दाते किती, तेल कधी बदलले, चुंबकावर काय सापडले. हंगाम संपल्यावर जुने तेल पेटीत तसेच ठेवू नये. त्यातील ओलावा आणि आम्ल हिवाळाभर बेअरिंगवर काम करीत राहतात. ताजे तेल भरून मागची चाके जॅकवर उचलून काही मिनिटे सर्व गिअर फिरवावेत, म्हणजे प्रत्येक दात्यावर नवा थर बसतो.