अवतार, ओळख आणि साक्ष : रिद्धपूरच्या गद्यातील ‘स्व’

संगणकाच्या पडद्यावरील आपल्या प्रतिरूपास आज जगभर ‘अवतार’ म्हणतात. संगणकीय खेळांतून रूढ झालेला हा शब्द नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीने सर्वपरिचित केला. ‘मी म्हणजे कोण?’ हा प्रश्न डिजिटल युगातील कला या प्रतिरूपाच्या आधारे विचारते आणि तो अभूतपूर्व मानते. हे गृहीतक तपासावयास हवे. कारण ‘अवतार’ या कल्पनेचा एक मूलगामी वाङ्मयीन विचार अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकातच झालेला आहे.

म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’नुसार, द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी देहत्याग करून भडोचच्या मृत हरपाळदेवाच्या शरीरात प्रवेश केला, तेच पुढे श्रीचक्रधर झाले. अकोला-अमरावतीकडील वर्गांत हा प्रसंग चमत्कार म्हणून बाजूला सारला जातो. परंतु त्यातील पेच चमत्काराचा नाही. घरच्यांनी उठलेल्या देहाला हरपाळ म्हणून स्वीकारले. त्यांनी चेहरा ओळखला. आतील ‘स्व’ मात्र निराळा होता. देहाची खूण म्हणजे ओळख आणि ओळख म्हणजे स्वत्व, हे समीकरण येथेच मोडते. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून सुरू झालेली ‘आधार’ची व्यवस्था बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळांवर उभी आहे. ती देहाची खातरजमा करते. ‘स्व’विषयी ती काही सांगू शकत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. गोंधळ होतो तो आपण या दोहोंना एक मानतो तेव्हा.

मग ‘स्व’ कोठे सापडतो? म्हाइंभटांचे उत्तर त्यांच्या लेखनपद्धतीत आहे. चक्रधरांच्या वियोगानंतर त्यांनी नागदेवाचार्यांना विचारून, तसेच प्रसंगांचे साक्षी असलेल्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. चक्रधरांनी स्वतः काही लिहिले नाही. त्यांचे व्यक्तित्व आपल्यापर्यंत येते ते इतरांच्या स्मृतींतून. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्रात मूळ पोथी नष्ट झाली. पंथीयांनी ती पाठांतरावरून पुन्हा उभी केली, आणि त्यातून हिराइसांच्या नावाच्या पाठासारखे निरनिराळे पाठ निर्माण झाले. या परंपरेने पाठांतील फरक लपविले नाहीत. ‘वासना’ म्हणून ते नोंदविले. चरित्रनायकाचा ‘स्व’ एकसंध असल्याचा आभास निर्माण करण्यापेक्षा साक्षींमधील अंतर जपणे तिला प्रामाणिकपणाचे वाटले.

संगणकयुगातील माणूसही विखुरलेल्या नोंदींतूनच घडविला जातो, हे साम्य खरे. भेद आहे तो साक्षीचा. आपली खरेदी, प्रवास, छायाचित्रे यांची नोंद होते. पण ती नोंदविणाऱ्याचे आपल्याशी नाते नसते, आणि नोंदींतील विसंगती हा त्याच्या लेखी केवळ दोष असतो. म्हाइंभटांच्या लेखी ती विसंगती हेच सत्याचे एक अंग होते.

हा प्रश्न आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली, २०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. महानुभाव पोथ्या संगणकावर आणताना, शोधण्याच्या सोयीसाठी एकच ‘शुद्ध’ संहिता ठेवून ‘वासना’ गाळण्याचा मोह होईल. तो टाळावयास हवा. नाहीतर ग्रंथ हाती राहील, परंतु माणूस अनेकांच्या साक्षीने माणूस होतो, ही त्यातील जाणीव हरवेल.