कॉर्नवॉलची पांढरी माती : पावसाची की पाताळाची?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेल गावामागे खाणींच्या गाळाचे पांढरे डोंगर उभे आहेत. त्यांची कहाणी सुरू होते ती प्लिमथच्या विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्यापासून. जिंगदेझेनची चिनी भांडी कशी घडतात, हे दांत्रकोल या फ्रेंच धर्मगुरूने १७१२ आणि १७२२ मध्ये पत्रांतून युरोपला कळवले होते. भांड्यांना लागणारी तशीच माती कुकवर्दीला १७४५ च्या सुमारास ट्रेगॉनिंगच्या टेकडीवर सापडली आणि १७६८ मध्ये त्याने पेटंट मिळवले. पुढे सेंट ऑस्टेलचा परिसर या धंद्याचे केंद्र झाला. तिथली माती भांड्यांपुरती राहिली नाही. ती कागदात गेली आणि मँचेस्टरच्या कापडाच्या खळीतही गेली. खळीने जड झालेले ते कापड हिंदुस्थानच्या बाजारातही विकले जाई. एवढ्या मोठ्या व्यापाराच्या मुळाशी असलेला एक प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे वादात राहिला : कठीण ग्रॅनाइटची ही मऊ माती झाली कशी?

ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारमधून पाणी सोडियम, पोटॅशियम आणि काही सिलिका काढून नेते. मागे उरते ते केओलिन, म्हणजेच चिनी माती. एवढ्यावर सर्वांचे एकमत होते; वाद होता तो हे पाणी आले कुठून यावर. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक जे. एच. कॉलिन्स यांनी कौल दिला तो खालून आलेल्या उष्ण वाफा आणि द्रावांच्या बाजूने. खाणीत दिसणारा पुरावाही त्यांच्याच बाजूचा वाटे. मातीचे साठे नरसाळ्यासारखे खाली निमुळते होत जातात आणि काही ठिकाणी २०० मीटरहून खोल उतरतात. शिवाय त्यांच्या सोबतीला गारगोटी, टुर्मलीन आणि कथिलाच्या खनिजाच्या शिरा असतात. ऊन-पावसाने झिजलेला खडक पृष्ठभागावर थरासारखा पसरायला हवा, अशा खोल खांबांच्या आकारात नव्हे, हा युक्तिवाद सहज पटण्यासारखा होता.

या मताला खरा धक्का बसला १९७७ मध्ये. भूरसायनशास्त्रज्ञ शेपर्ड यांनी केओलिनमधील ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे समस्थानिक मोजले, तेव्हा मातीच्या स्फटिकांत खोल मॅग्म्याच्या पाण्याची नव्हे, तर पावसाच्या पाण्याची खूण आढळली आणि तापमानही कमी निघाले. शेजारच्या डेव्हनमधील बोवी खोऱ्यात पॅलिओजीन काळातल्या गाळात केओलिनयुक्त मातीचे जाड थर आहेत. तेव्हाच्या उष्ण, दमट हवामानात ग्रॅनाइटचे विदारण होत होते, म्हणजे तो ऊन-पावसाने झिजत होता, हे त्यावरून कळते. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की विदारणाचा पक्ष जिंकला. हा पुरावा नाकारता येत नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे असे मला वाटते. समस्थानिक सांगतात ते पाणी कोणाचे हे. ते पाणी खडकात खोल कसे शिरले आणि तिथे कोणत्या बळावर फिरत राहिले, हे ते सांगत नाहीत. निव्वळ विदारण पुरेसे असते, तर त्याच हवामानात भिजलेल्या, कॉर्नवॉलमधल्याच कार्नमेनेलिस आणि लँड्स एंडच्या ग्रॅनाइटमध्येही असेच साठे हवे होते. तिथे माती आहे, पण फार थोडी.

फरक पडला तो खडकाच्या आधीच्या आयुष्यामुळे. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी सेंट ऑस्टेलचा ग्रॅनाइट थंड होताना उष्ण द्रावांनी त्यात शिरा पाडल्या, तो फोडला, फेल्डस्पारचे अंशतः इलाइट आणि स्मेक्टाइट या मातीच्या खनिजांत रूपांतर केले. म्हणजे वाटा तेव्हाच तयार झाल्या होत्या. नंतर पावसाचे पाणी याच वाटांनी मुरले. आता प्रश्न उरतो तो ते खोलवर फिरत राहण्याचा. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम भरपूर आहे. त्यांच्या किरणोत्सर्गाने खडक स्वतःच उष्णता निर्माण करतो आणि ती कोट्यवधी वर्षे आटत नाही. अशा उष्णतेने पाणी हलके होऊन वर येते, गार होऊन पुन्हा खाली जाते. कुणी म्हणेल, समस्थानिक तर कमी तापमान दाखवतात, मग ही उष्णता कशाला? पण पाणी फिरते ठेवायला ते उकळावे लागत नाही. कोमट असले तरी भागते. म्हणून पाऊस आणि पाताळ यांतून एकाची निवड करण्याचा आग्रहच चुकीचा होता. पहिली फोड उष्ण द्रावांनी केली आणि मातीचा मोठा भाग बनवला तो खडकाच्या स्वतःच्या उष्णतेने फिरणाऱ्या पावसाच्या पाण्याने. खाणींतल्या साठ्यांचा आकार आणि समस्थानिकांची मोजमापे, दोन्हींचा मेळ याच मांडणीत बसतो.

ती उष्णता अजून संपलेली नाही. सेंट ऑस्टेलजवळच्या बोडेल्वा या सोडून दिलेल्या मातीच्या खाणीत २००१ मध्ये ईडन प्रोजेक्टची उद्याने उघडली आणि तिथेच ग्रॅनाइटमध्ये सुमारे पाच किलोमीटर लांबीची विहीर खोदण्यात आली. २०२३ पासून त्या विहिरीतली उष्णता वापरात आहे.