खाऱ्या हवेतले स्पीकर

घरातल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंमध्ये स्टिरिओचे स्पीकर सर्वांत दीर्घायुषी. रेकॉर्ड प्लेअर जातो, कॅसेट डेक जातो, सीडी प्लेअर येऊन जातो, अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीनदा बदलतो. स्पीकरची जोडी मात्र चाळीस-पन्नास वर्षे त्याच भिंतीला टेकून उभी असते. अशी जोडी किती वर्षे वाजेल हे तीन गोष्टींवर ठरते: ती कशी बनवली आहे, ती कोणत्या हवेत राहते, आणि बिघडल्यावर तिला हात लावणारा कारागीर जवळपास आहे का. मुंबईच्या पूर्वेकडच्या खाडीकाठावर, माहुल आणि चेंबूरच्या पट्ट्यात, या तिन्ही गोष्टींना स्वतंत्र इतिहास आहे.

माहुल हे तुर्भे बेटाच्या पश्चिम अंगाचे जुने कोळीगाव. एका बाजूला खाडी आणि तिवरे, पलीकडे वडाळ्याकडची मिठागरे. १९५४ साली येथे स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९५५ साली बर्मा-शेलचा. पहिला पुढे एस्सोचा आणि १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमचा झाला. दुसरा १९७६ च्या राष्ट्रीयीकरणानंतर भारत पेट्रोलियम म्हणून ओळखला जाऊ लागला. १९५६ साली तुर्भ्याचे टाटांचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, त्याच सुमारास अणुसंशोधन केंद्र वाढू लागले आणि १९६५ पासून खताचा कारखाना. दहा-बारा वर्षांत मासेमारी आणि मिठागरांच्या या पट्ट्यात नियमित पगारदारांच्या वसाहती वसल्या. त्यांत यंत्रांशी रोजचा संबंध असलेले फोरमन, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने होते. ध्वनियंत्रणा उघडून पाहण्याची हौस अशा वस्तीत लवकर रुजते.

आजही घरोघरी वापरात असलेल्या स्पीकरचा मूळ आराखडा १९२५ चा. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी तो मांडला. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे तरंगते ठेवायचे, त्याला कागदाचा कोन चिकटवायचा आणि वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह सोडायचा, एवढीच ती कल्पना. शंभर वर्षांत चुंबक, गोंद आणि कागद बदलले. तत्त्व तेच राहिले. दोन बाजूंनी दोन वेगळे ध्वनी देण्याचे पेटंट अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी इंग्लंडमध्ये १९३१ मध्ये मागितले, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला १९५८ साल उजाडले. मधल्या काळात घरगुती वापराच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल घडला तो १९५४ मध्ये, म्हणजे माहुलला पहिला कारखाना सुरू झाला त्याच वर्षी. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीचा स्पीकर काढला. त्यात कोनाला मागे खेचण्याचे काम पेटीत कोंडलेली हवा करते, त्यामुळे कपाटाएवढ्या खोक्याशिवाय न मिळणारा खर्ज पुस्तकांच्या फडताळावर मावणाऱ्या पेटीतून निघू लागला. मुंबईच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत स्टिरिओची जोडी शिरू शकली ती या शोधामुळे.

भारतीय घरात मात्र ही जोडी बरीच उशिरा आली. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि पुढची पन्नास वर्षे घरातला आवाज म्हणजे रेडिओचा एकच स्पीकर. मर्फीचे रेडिओ ठाण्यात बनत, फिलिप्स आणि बुशचे सेट बैठकीच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली असत आणि त्यांच्यासाठी पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत. विविध भारती १९५७ पासून घरोघरी पोचली, पण मध्यम आणि लघुलहरींवरचे ते प्रक्षेपण एकपदरीच होते. दुसऱ्या स्पीकरची गरज पडावी असे काही ऐकायलाच नव्हते. स्टिरिओ तबकड्या रुळल्या त्या सत्तरच्या दशकात, मुख्यतः हिंदी चित्रपटसंगीतामुळे. १९७५ च्या ‘शोले’चे संवादसुद्धा पॉलिडोर कंपनीने तबकडीवर विकले आणि ते घराघरांत वाजले.

जोडी मिळवण्याचे मार्ग तीन होते. पहिला देशी कंपन्यांचा: कोलकात्याची सोनोडाइन १९७० मध्ये निघाली, मुंबईची कॉस्मिक त्याच काळातली. दुसरा परदेशी मालाचा. आयात शुल्क जबर असल्याने जपानी सेट दुकानातून घेणे मध्यमवर्गाला परवडत नसे. तेलाच्या भावाने आखाती देश श्रीमंत झाल्यावर कोकणातून आणि मुंबईतून हजारो कामगार तिकडे गेले, आणि सुट्टीवर येताना आकाई, सान्सुई, पायोनिअर, नॅशनल पॅनासॉनिक अशी नावे घेऊन आले. मुसाफिरखान्याच्या बाजारातही हा माल मिळे, कोणत्या वाटेने आला हे न विचारता.

तिसरा मार्ग सर्वांत रोचक, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत चांगला. लॅमिंग्टन रोडवर सुटे स्पीकर घ्यायचे, खर्जासाठी आठ इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी कागदी कोनाचा लहान ट्वीटर. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकातून किंवा कंपनीच्या पत्रकातून पेटीचे माप काढायचे आणि सुताराकडून खोका करून घ्यायचा. अ‍ॅम्प्लिफायरही बऱ्याचदा असाच जोडलेला. सुताराला ध्वनिशास्त्र ठाऊक नव्हते, पण हवा निसटू नये म्हणून सांधे गोंदाने आणि पट्टीने कसे बंद करावेत हे त्याच्या हातात होते. तो जाड प्लायवूड वापरी, वरून सागाचे पापुद्रे चढवी. परदेशी कंपन्या त्याच काळात भुशाच्या दाबीव फळीकडे वळल्या होत्या, आणि ती फळी एकदा ओल प्यायली की फुगते आणि परत बसत नाही. पन्नास पावसाळे काढायला सुताराची पेटी अधिक योग्य ठरली.

ऐंशीच्या दशकात कॅसेटने सगळे पालटले. गाणी स्वस्त झाली, टू-इन-वन घरोघरी गेला. १९९१ च्या उदारीकरणानंतर परदेशी कंपन्यांचे तयार म्युझिक सिस्टिम हप्त्यावर मिळू लागले. त्यांचे स्पीकर हलक्या प्लास्टिकच्या खोक्यांतले होते. दिसायला चकचकीत, आवाजाने मोठे, पण सत्तरच्या दशकातल्या साध्या पेटीसमोर पोकळ. जुनी जोडी टाकून न देता तिलाच नवा डेक जोडण्याची पद्धत याच काळात पडली. त्यामागे काटकसर होती, आणि कानांचा अचूक निवाडाही होता.

पण टिकणे आणि न बिघडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माहुलसारख्या ठिकाणी हा फरक ठळक दिसतो. स्पीकरचा पहिला शत्रू दमट हवा. कोनाच्या बाहेरच्या कडेला जी लवचीक वळी असते ती सत्तरच्या दशकापासून अनेक नामांकित कंपन्यांनी पॉलियुरेथेन फोमची केली. या फोमचा एक प्रकार हवेतल्या बाष्पाने रासायनिक रीत्या तुटतो. थंड, कोरड्या देशातही दहा ते वीस वर्षांत त्याची भुकटी होते. मुंबईत त्याहून लवकर. बोट लावले की चिकट तपकिरी चुरा हाताला लागतो, खर्ज नाहीसा होतो आणि कोन फडफडू लागतो. म्हणून महागडी परदेशी जोडी मुकी झालेली आणि शेजारच्या घरातली देशी जोडी ठणठणीत, असे उलटे चित्र दिसते: साध्या देशी स्पीकरांची कड रोगण दिलेल्या कापडाची किंवा चुणीदार कागदाची असे, आणि तिला हा रोग होत नाही.

दुसरा शत्रू मीठ. वेटोळे ज्या फटीत हलते ती दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि तिच्या भिंती लोखंडाच्या. खाडीवरची खारी हवा तिथे पोचली की गंजाचा पापुद्रा उठतो आणि वेटोळे त्याला घासते. हलक्या आवाजात ‘खर्र’ अशी किनार ऐकू येते ती याची. कागदी कोन ओल धरतो, त्यावर बुरशीचे ठिपके पडतात. ज्या पेटीला खर्जासाठी भोक ठेवलेले असते तिच्यात झुरळे आणि उंदीर घर करतात. हवाबंद पेटी इथेही सुरक्षित. वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार आपले मूल्य सोडतात, तारांच्या टोकांवर हिरवट-काळा थर चढतो. तांबे आणि चांदी काळी पडायला गंधकाची संयुगे कारण होतात, आणि औद्योगिक हवेत ती नेहमी असतात.

माहुलच्या हवेचा प्रश्न अर्थातच स्पीकरपुरता नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ च्या निकालात माहुल आणि आंबापाडा येथील हवा रहिवाशांच्या आरोग्याला घातक असल्याचे नोंदवले. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतची हजारो विस्थापित कुटुंबे इथल्या २२५ चौरस फुटांच्या घरांत आणली गेली आणि त्यांना न्यायालयात लढावे लागले. माणसांच्या छातीवर जे बसते तेच यंत्रांवर बसते; यंत्राचा भाग बदलता येतो, एवढाच फरक, आणि तो लहान नाही.

भाग बदलण्याची ही विद्या मुंबईत एका स्वतंत्र धंद्याने सांभाळली. लॅमिंग्टन रोड, चोरबाजार आणि उपनगरांतल्या रेडिओ दुरुस्तीच्या टपऱ्या ही त्याची ठिकाणे. या धंद्याचे पोट घरगुती स्पीकरवर कधीच चालले नाही. ते चालले गणपती मंडपांच्या, वरातींच्या आणि कोळीवाड्यांतल्या हळदीच्या भोंग्यांवर आणि मोठ्या खोक्यांवर, ज्यांची कॉइल, म्हणजे वेटोळे, दर मोसमात जळते. घरातली जुनी जोडी त्या कामाच्या कडेने जगली. ज्या हातांनी मंडपाचा पंधरा इंची स्पीकर भरला, त्याच हातांनी बैठकीतला आठ इंची.

काम नाजूक आहे. कारागीर आधी कोनाच्या मधली टोपी ब्लेडने गोलाकार कापून काढतो. आत वेटोळे आणि मधला खांब दिसतो. जुन्या एक्स-रे फिल्मच्या तीन-चार बारीक पट्ट्या कापून तो त्या दोहोंच्या मध्ये सरकवतो, म्हणजे वेटोळे फटीच्या बरोबर मधोमध अडकून राहते. मग जुनी कड आणि गोंद खरवडून काढायचा, नवी कड आधी कोनाला आणि नंतर सांगाड्याला रबरी चिकटद्रव्याने बसवायची, वरून कडी दाबून ठेवायची. गोंद वाळल्याशिवाय पट्ट्या काढायच्या नाहीत. त्या काढल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच खाली दाबून कान लावायचा; घासल्याचा आवाज आला नाही तर काम जमले. शेवटी टोपी चिकटवायची. कॉइल जळलेली असेल तर तार नव्याने गुंडाळायची, आणि तारेची जाडी व वेढे मूळच्याइतके नसतील तर जोडीतला एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा वेगळा बोलतो. म्हणून चांगला कारागीर दोन्ही स्पीकर मागवतो, एकच बिघडला असला तरी.

चुंबकाची चिंता सहसा करावी लागत नाही. जुन्या स्पीकरांत अल्निको या कोबाल्टयुक्त मिश्रधातूचा चुंबक असे. १९७८ मध्ये झाईरमधल्या युद्धामुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि जग मोठ्या प्रमाणावर फेराइटकडे वळले. फेराइटचा चुंबक घरगुती वापरात आपली ताकद सोडत नाही. तो फार तर केव्हातरी आपटून गोंदातून सुटतो.

आता या धंद्यात नवी माणसे कमी येतात. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे जुने दुकान २०१६ मध्ये बंद झाले, लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत मोबाइलचे सामान भरले. दुसऱ्या बाजूला, तळहाताएवढे नवे अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड काही शे रुपयांत मिळते आणि पन्नास वर्षांची जोडी त्याच्यावर फोनमधले गाणे सहज वाजवते. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीतून अशा जोड्या रोज भंगारात जातात, आणि त्यांतल्या पुष्कळ दुरुस्त होण्याजोग्या असतात.

भंगारवाल्याला देण्यापूर्वी एक तपासणी पुरते. दीड व्होल्टचा साधा सेल घ्यावा, स्पीकरच्या दोन टोकांना दोन तारा क्षणभर टेकवाव्यात. ‘टक्’ असा आवाज येऊन कोन हलला तर कॉइल शाबूत आहे. बहुतेक स्पीकरांत सेलचे धन टोक लाल खुणेला लावल्यावर कोन पुढे सरकतो. दोन्ही स्पीकर सारखेच हलले पाहिजेत, नाहीतर जोडणी उलटी आहे आणि खर्ज एकमेकांत विरतो. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहा ते सातच्या दरम्यान दाखवतो. एवढे जमले आणि कड गेली असेल, तर नवी कड आणि मजुरी एवढ्याच खर्चात जोडी पुन्हा उभी राहते. नंतर ती ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि खाडीकडच्या खिडकीपासून दूर, जमिनीवरून हातभर उंच ठेवावी, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी वाजवावी.