साहेबाच्या टेबलामागचे स्वयंपाकघर

एका चर्चासत्राच्या निमित्ताने मुंबईतील एका बड्या हॉटेलात जेवण्याचा प्रसंग आला. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, डावीकडे काटे, उजवीकडे सुऱ्या. मेनूकार्डाच्या एका पानावर युरोपीय पदार्थ, दुसऱ्यावर 'इंडियन'. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे जे जेवण नोंदवले आहे, त्यातले चान्यांसारखे काही त्या 'इंडियन' पानावर असणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो. पण सूपांच्या यादीतील एका नावाशी मी थांबलो. मलिगटॉनी.

हा शब्द मुळात इंग्रजी नव्हे. तमिळमध्ये 'मिळगु' म्हणजे मिरी आणि 'तण्णीर' म्हणजे पाणी. मिऱ्याचे हे पाणी मद्रासच्या साहेबाने मांसाचा रस्सा घालून आपल्या टेबलावर नेले. साहेबाने नेले असे आपण म्हणतो, पण नेणारे हात कोणाचे होते? साहेबाच्या घरी गाईचे आणि डुकराचे मांस शिजे. दारूचे पेले आणि उष्टी ताटे उचलावी लागत. सवर्ण हिंदू नोकर यांतले बरेचसे करायला राजी नसे. म्हणून ही कामे मुसलमान, गोव्याकडचे ख्रिस्ती आणि अस्पृश्य यांच्याकडे आली. मद्रासेत परैयर समाजातील कितीतरी माणसे बटलर, स्वयंपाकी, आया झाली. आपल्याकडे महारांनी लष्कराप्रमाणेच साहेबाच्या बंगल्यातही नोकऱ्या धरल्या. ज्याच्या सावलीचा गावाला विटाळ होई, त्याच्या हातचे राज्यकर्ता जेवत होता! याला साहेबाचे औदार्य मानण्याचे कारण नाही. त्याला नोकर हवा होता आणि तो स्वस्तात मिळत होता. तरीही त्या पगारामुळे काही घरे दारोदार भाकरी मागण्यातून सुटली, हेही विसरता येत नाही.

१८७८ साली केनी-हर्बर्ट या लष्करी अधिकाऱ्याचे 'कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' हे पाककृतींचे पुस्तक निघाले. त्यात देशी स्वयंपाक्याला नाव एकच, रामस्वामी. ते एका माणसाचे नव्हे, साऱ्या स्वयंपाक्यांचे. पाककृती साहेबाच्या नावावर छापल्या गेल्या. तथाकथित रामस्वामींची खरी नावे, गावे, जाती कोठेच उरल्या नाहीत. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहावरून रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. तिथे चहाला कोण कोण होते त्याची यादी वर्तमानपत्रात आली. कपबशा कोणी विसळल्या हे मात्र कोणी लिहिले नाही.

रांधण्याची गोष्ट ही अशी. टेबलाशी बसून पैसे देऊन खाण्याची गोष्ट याहून अवघड. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चारचौघांदेखत चहा घेतला. पण जिथे राजा नाही तिथे काय? १९२३ सालचा बोले यांचा ठराव पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणांपुरता होता. खाजगी हॉटेल, खाणावळ, सराय यांना तो लागू नव्हता. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने बाहेर काढले, ते अशाच एका सरायीतून.

म्हणून संविधानाचे पंधरावे कलम मी वर्गात शब्द न् शब्द वाचून दाखवतो. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले हे शब्द तिथे विहिरी-तलावांच्याही आधी आले आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत 'दुकान' म्हणजे काय हा प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा व्यापक अर्थ सांगितला. सेवा मागायला येईल त्या कोणालाही ती देण्याची तयारी ठेवून मालक जिथे बसला आहे, ते ठिकाण म्हणजे दुकान. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात हॉटेलातील प्रवेशाबरोबर तेथील भांडी वापरू न देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरवावा लागला. दाराच्या आत घ्यायचे आणि कपबशी मात्र वेगळी ठेवायची, ही युक्ती कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी आजोबांकडून त्या वेगळ्या कपाविषयी ऐकलेले असते. हे कलम त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

बड्या हॉटेलात आता जात कोणी विचारत नाही. काटा कसा धरतो, एवढे मात्र बघितले जाते, आणि मेनूकार्डातले आकडे पाहून आपली बहुसंख्य माणसे दाराशी येतच नाहीत. मी वेटरला विचारले, हे मलिगटॉनी कुठले?

"इंग्लिश सूप आहे, सर," तो अदबीने म्हणाला.

मी ते मागवले. मिरी कमी होती.