‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ : एका व्याकरणनियमाची ऐतिहासिक जडणघडण

मोजता येणाऱ्या नामांपूर्वी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्या नामांपूर्वी ‘लेस’ योजावे, हा नियम इंग्रजी भाषेच्या मूळ स्वभावातूनच आला आहे, असे अध्यापनात सामान्यतः गृहीत धरले जाते. भाषेचा इतिहास या गृहीतकास दुजोरा देत नाही.

नवव्या शतकातील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या नावावर असलेल्या, बोएथियसच्या लॅटिन ग्रंथाच्या जुन्या इंग्रजी अनुवादात ‘लेस’चे पूर्वरूप ‘शब्द’ या अर्थाच्या अनेकवचनी नामासह आढळते. त्या काळी हे पद नामासारखे वापरले जाई व त्यापुढील नाम षष्ठी विभक्तीत येई. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत विभक्तिप्रत्यय झिजले, षष्ठीची खूण लोपली आणि ‘लेस’ थेट अनेकवचनी नामापूर्वी आले. अशुद्ध ठरविला गेलेला प्रयोग असा सुमारे अकराशे वर्षे मागे जातो.

नियमाचा उगम त्यामानाने अलीकडचा. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर याने इंग्रजी भाषेवरील आपल्या टिपणांच्या पुस्तकात शंभर या संख्येच्या संदर्भात ‘लेस’ऐवजी ‘फ्यूअर’ आपणास अधिक डौलदार व काटेकोर वाटते, असे नोंदविले. बेकरने ही व्यक्तिगत पसंती म्हणून मांडली होती, आज्ञा म्हणून नव्हे. ग्रीक न जाणणाऱ्या आणि लॅटिन जेमतेम जाणणाऱ्या या लेखकाची अभिरुची उत्तरकालीन व्याकरणकारांनी निरपवाद नियमाच्या पदवीस चढविली, हे लक्षणीय आहे.

निरपवाद तरी तो कोठे आहे? अंतर, काल, पैसा व वजन यांबाबत संख्या स्पष्ट असूनही ‘लेस’च रूढ आहे, पाच मैलांपूर्वी ‘फ्यूअर’ कोणी लिहीत नाही. येथे मैल सुटे मोजले जात नाहीत, एकूण अंतर अभिप्रेत असते. मराठी विद्यार्थ्यास ‘कमी पाणी’ व ‘कमी माणसे’ यांत एकच पद पुरते. त्याला केवळ तक्ता पाठ करावयास लावून मग उत्तरपत्रिकेत गुण कापणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार परीक्षकांनी करावयास हवा.

ब्रिटनमध्ये हा वाद दुकानांपर्यंत पोहोचला. ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या फलकावरील आक्षेपांनंतर २००८ मध्ये टेस्को कंपनीने ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’च्या सूचनेवरून ‘अप टू टेन आयटम्स’ ही शब्दयोजना स्वीकारली. तीत ‘लेस’ही नव्हते आणि ‘फ्यूअर’ही.