इंधनमापक (मोटारसायकल)
इंधनमापक हे मोटारसायकलच्या टाकीतील पेट्रोलची पातळी दर्शविणारे उपकरण होय. टाकीतील तरंगक पातळीनुसार वरखाली होतो, त्याच्या दांडीमुळे विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो. हे मापन अंदाजेच असते. गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली असताना किंवा चढावर पेट्रोल मागे सरकल्यास काटा फसवतो; पुणे–नाशिक महामार्गावर संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटात याचा प्रत्यय येऊ शकतो. तरंगक अडकणे, रोधपट्टी झिजणे आणि तारांचे जोड गंजणे हे नेहमीचे बिघाड होत.

यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या गाड्यांत इंधनमापक नसे. टाकीतील मुख्य नळी तळापासून उंच असल्याने इंजिन अडखळू लागे, मग कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवून तळाचे पेट्रोल वापरता येई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत इंधन अंतःक्षेपण आले व कॉक गेला. अशा गाड्यांतील पंप सामान्यतः टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडल्यास तो निकामी होऊ शकतो. त्यामुळे बिघडलेला काटा आता किरकोळ दोष राहिलेला नाही. दुरुस्ती होईपर्यंत टाकी भरताना ट्रिपमीटर शून्यावर आणून अंतरावरून हिशेब ठेवणे अधिक भरवशाचे ठरते. टाकी तोंडापर्यंत मात्र भरू नये; उन्हात पेट्रोल प्रसरण पावते.