वणवा विझल्यानंतर : व्हिक्टोरियातील पुनर्वसन यंत्रणेची घडण

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांच्या चौकशीची परंपरा जुनी असून, १९३९च्या ‘काळ्या शुक्रवारी’ ७१ माणसे दगावल्यावर नेमलेल्या न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या आयोगाने वनव्यवस्थापनातील दोषांवर नेमके बोट ठेवले होते. मात्र आग का भडकते, याचा जेवढा खल झाला, तेवढा जळालेली गावे पुन्हा कशी वसवावीत, याचा दीर्घकाळ झाला नाही.

७ फेब्रुवारी २००९च्या ‘काळ्या शनिवारी’ १७३ जणांचा बळी गेला, दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि मेरिसव्हिल हे गाव जवळजवळ नामशेष झाले. तीनच दिवसांत क्रिस्टीन निक्सन यांच्या नेतृत्वाखाली पुनर्बांधणी व पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे निरनिराळ्या खात्यांची कामे एका सूत्रात आणणारी तात्पुरती यंत्रणा, उभारण्यात आले. राडारोडा मोफत हलवणे आणि गावोगावच्या समित्यांकडून आराखडे करून घेणे, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु अडीच वर्षे भरण्याआधीच, जून २०११मध्ये, ते गुंडाळले गेले.

आपद्ग्रस्तांचे वेळापत्रक वेगळेच होते. जागेवर उष्णता आणि उडते निखारे यांचा किती मारा होऊ शकतो, हे पाहून बांधकामाचे निकष ठरवणारे नवे मानक २००९मध्येच लागू झाल्याने अनेकांचा खर्च वाढला. ‘काळ्या शनिवार’च्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या आयोगाने जुलै २०१०मध्ये ६७ शिफारशी केल्या. त्यांपैकी अतिधोक्याच्या जमिनी मालकांच्या संमतीने सरकारने विकत घ्याव्यात, ही शिफारस तत्कालीन सरकारने फेटाळली आणि पुढच्या सरकारने स्वीकारली. तोवर ज्यांनी घाईने घर बांधायला घेतले होते, त्यांच्या दृष्टीने (आणि घाई करण्याचे उत्तेजन तर सर्वांनाच मिळत होते) हा पर्याय फार उशिरा आला. त्याच शनिवारी किल्मोर ईस्ट येथे लागलेल्या आगीबाबतच्या सामूहिक दाव्यात तडजोड व्हायला तर २०१४ साल उजाडले.

मेलबर्न विद्यापीठाच्या दीर्घकालीन अभ्यासात, सर्वाधिक झळ बसलेल्या वस्त्यांतील सुमारे पाचांपैकी एका व्यक्तीत पाच वर्षांनंतरही मानसिक विकाराची लक्षणे आढळली, आणि संशोधकांनी पुनर्वसनाची आखणी किमान पाच वर्षांसाठी करावी असे सुचवले. जानेवारी २०२०मध्ये, नव्या वणव्यांच्या धगीतच, राज्याने पुनर्वसनासाठी प्रथमच कायमस्वरूपी संस्था जाहीर केली. २०२२मध्ये तिच्या कक्षेत वणव्यांखेरीज अन्य आपत्तीही आणण्यात आल्या.